गाणगापूर : सीमेवरच्या एका गावाचे चरित्र



दिवंगत गुरुजनांच्या स्मरणार्थ शाळेने व्याख्यान योजावे आणि विषय निवडण्याची मोकळीक वक्त्याला द्यावी, ही आपल्या भागातील एक जुनी आणि चांगली चाल आहे. या मोकळिकीचा लाभ घेऊन मी आज एका लहानशा गावाविषयी बोलणार आहे. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजधान्या उभ्या राहतात. आपल्या या टापूत तर त्यांची मुळीच उणीव नाही. चालुक्यांचे कल्याण येथे, बहामनींचे कलबुर्गी येथे आणि बिदरही येथेच. परंतु राजधान्या उठतात, हलतात आणि ओस पडतात. गाव मात्र आपल्या जागी राहते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून मराठी वाचकाला या गोष्टीची जाणीव करून दिली. तरीही एखाद्या विशिष्ट गावाचे चरित्र लिहिण्याची परंपरा आपल्याकडे म्हणावी तशी रुजली नाही. ज्या गावाविषयी मी बोलणार आहे त्याचे चरित्र मात्र सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे. आपण ते घरोघरी वाचतो. फक्त ते गावाचे चरित्र म्हणून वाचत नाही.

हे गाव म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यातील देवल गाणगापूर, आणि तो ग्रंथ म्हणजे सरस्वती गंगाधर यांचे ‘गुरुचरित्र’.

१

गाणगापूर भीमेच्या काठी आहे. भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुणे आणि सोलापूर हे जिल्हे ओलांडून येथवर येते, आणि आळंदकडून येणारी लहानशी अमरजा तिला येथे मिळते. संगम गावापासून थोडा दूर आहे. भोवती काळी, भेगाळणारी जमीन आहे. या जमिनीत पूर्वापार ज्वारी पिकत आली, आणि आज कलबुर्गीची ओळख तुरीचा जिल्हा अशी झाली आहे. येथील तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा, उन्हाळा कडक. नदी काठाशी असूनही पाण्याची ददात संपत नाही, असा हा मुलूख आहे.

नृसिंह सरस्वती या गावी आले ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्यांचा जन्म वऱ्हाडातील कारंजाचा. काशीस संन्यास घेऊन ते दक्षिणेत फिरत आले. औदुंबर आणि नरसोबाची वाडी येथे त्यांचे वास्तव्य झाले, आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी गाणगापुरी घालविला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. ज्याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात, तो १३९६ पासून दहा-बारा वर्षे दख्खनला पिळून गेला होता. ज्या घरांत स्वामी भिक्षेस गेले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनी तो दुष्काळ सोसलेला होता. इकडे कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांनी १४२२ साली देह ठेवला, आणि त्याच वर्षी गादीवर आलेल्या अहमदशहाच्या कारकिर्दीत बहामनींची राजधानी बिदरला हलली. सत्ता उत्तरेकडे सरकली. मागे राहिलेल्या मुलखातील एका खेड्यात एक संन्यासी येऊन राहिला, एवढीच त्या काळच्या दरबाराच्या दृष्टीने या घटनेची किंमत असावी. बखरकार अशा घटनेची नोंद घेत नसत. ती एका भक्तकुळाने जपली.

ते भक्तकुळ कडगंचीचे. सायंदेव साखरे हे गोदातीरी एका यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत असताना त्यांना गुरूंचा अनुग्रह झाला, अशी कथा ग्रंथात आहे. त्यांच्या पाचव्या पिढीतील सरस्वती गंगाधर यांनी ही कुळातील स्मृती ओवीबद्ध केली. अभ्यासक या रचनेचा काळ सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मानतात. म्हणजे घटना आणि लेखन यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. तारीखवार इतिहासासाठी हे अंतर मोठे आहे. परंतु लोक कसे जगत, कशाला भीत आणि कशाची इच्छा धरीत, हे जाणून घ्यावयाचे असेल तर इतके जवळचे साधन आपल्या भागात दुसरे क्वचितच सापडेल.

२

येथे एक प्रश्न उभा राहतो. चमत्कारांनी भरलेला ग्रंथ इतिहासाचे साधन कसा होईल? श्रद्धावान मनुष्य म्हणेल की चमत्कार हाच इतिहास आहे. संशयवादी म्हणेल की तो वगळला म्हणजे हाती काही उरत नाही. मला दोघांहून वेगळी वाट सुचवावीशी वाटते. चमत्कार घडला की नाही हा वाद बाजूस ठेवावा आणि एवढेच पाहावे की चमत्कार कोठे घडतो. ज्या ठिकाणी तो सांगितला जातो त्या ठिकाणी गावाची काही तरी निकड असते. कथेतला अद्भुत भाग क्षणभर दूर केला की त्याच्या खाली गावाचे दारिद्र्य, गावाचे व्यवहार आणि गावाची लाज स्पष्ट दिसू लागते.

वांझ म्हशीची कथा घ्या. स्वामी संगमावर राहत आणि गावात भिक्षेस येत. वैशाखातील एका दुपारी ते एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी उभे राहिले. घरधनी स्वतःच भिक्षेस गेलेला आणि घरात देण्यासारखे काही नाही. दारात एक म्हातारी, दात पडलेली, कधीही न व्यायलेली म्हैस बांधलेली. तिच्या नाकात वेसण घालून गावकरी तिला खारी माती वाहण्यासाठी भाड्याने नेत, आणि त्या भाड्यावर या घराचा निर्वाह चाले. त्या दिवशी उन्हामुळे तिला कोणी नेले नव्हते. स्वामींनी तिचेच दूध मागितले आणि तिने भांडी भरून दूध दिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण पंधराव्या-सोळाव्या शतकातील आपल्या खेड्यात जनावर भाड्याने देण्याचा व्यवहार होता, दुभत्या म्हशीला रेड्यासारखी वेसण घालणे ही त्या घराच्या हलाखीची खूण होती, आणि ज्येष्ठ-वैशाखात मजुरीचे काम थांबत असे, या गोष्टी कोणत्या सनदेत लिहिलेल्या सापडतील? दुसऱ्या दिवशी भाड्याने म्हैस न्यायला आलेल्या लोकांनी हा प्रकार पाहिला, बातमी गावाच्या अधिपतीपर्यंत गेली आणि त्याने स्वामींना समारंभाने गावात आणून मठ बांधून दिला. गाणगापूरचे गावपण बदलले ते या एका दारिद्र्याच्या उंबऱ्यावरून.

दुसरी कथा पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याची. संगमावर जाता-येता स्वामी त्याच्या शेतावरून जात आणि तो रोज नमस्कार करी. एके दिवशी स्वामींनी त्याला उभी ज्वारी कापून टाकण्यास सांगितले. पीक अजून हाती यायचे होते. शेतकऱ्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने आधी गावच्या अधिकाऱ्याकडे जाऊन करार केला: गेल्या वर्षी जितके धान्य दिले त्याच्या दुप्पट देईन, मला पीक कापू द्या. अधिकाऱ्याने संशय धरला, तेव्हा घरातील साठवलेले धान्य आणि गुरेढोरे त्याने तारण म्हणून पुढे केली. बायकोमुलांनी आकांत मांडला, गावाने त्याला वेड्यात काढले. पुढे अवकाळी पावसाने गावाचे सारे पीक नासले, आणि याच्या कापलेल्या धाटांना नवे फुटवे येऊन कैक पटींनी धान्य आले. येथेही अद्भुताच्या खाली व्यवहार आहे. पिकावर कुळाचा एकट्याचा अधिकार नाही. सरकारी हिस्सा आधी. कराराला तारण लागते. आणि एका रात्रीच्या पावसाने सारे गाव बुडू शकते. मळणीच्या दिवसांत ढग भरून आले की आजही अफजलपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या छातीत जे धस्स होते, ते या कथेत जसेच्या तसे आहे.

तिसरा प्रसंग भास्कर नावाच्या ब्राह्मणाचा. त्याने समाराधनेसाठी तिघांपुरता शिधा बांधून आणला होता. परंतु रोज कोणी ना कोणी श्रीमंत भक्त मोठे भोजन घालीत असे, त्यामुळे याची पाळीच येईना. तीन महिने तो ते गाठोडे उशाशी घेऊन निजत राहिला आणि लोक त्याची थट्टा करीत राहिले. शेवटी त्याच शिध्यात हजारो ब्राह्मण जेवले, मग गावकरी जेवले, अंत्यज जेवले आणि पशुपक्षीही तृप्त झाले. गावातील सर्वांच्या पानात अन्न पडले, हेच येथे अद्भुत मानले गेले आहे. दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या समाजाला यापेक्षा मोठा चमत्कार सुचणार तरी कोणता?

३

या ग्रंथात उच्चवर्णीयांखेरीज जी माणसे येतात त्यांची एक यादी आपण केली पाहिजे. मठाचे अंगण झाडणारा विणकर येथे आहे. शेतकरी पर्वतेश्वर आहे. पूर्वजन्मी कुरवपुरात धोबी असलेला आणि पुढे बिदरचा सुलतान झालेला राजा आहे. आणि ज्याच्यासाठी ग्रंथकाराने नाव राखले नाही, असा एक ‘पतित’ आहे.

त्याची कथा अशी. वेदविद्येचा गर्व झालेले दोन ब्राह्मण वाद घालण्यासाठी आले. त्याच वेळी रस्त्याने जाणाऱ्या एका अस्पृश्याला स्वामींनी बोलाविले. दंडाने भूमीवर सात रेषा ओढल्या आणि एकेक रेष ओलांडायला सांगितले. प्रत्येक रेषेला त्याला एक पूर्वजन्म आठवला आणि सातव्या रेषेपाशी तो वेद बोलू लागला. ते दोन पंडित निरुत्तर झाले. येथपर्यंतची कथा आपण कौतुकाने सांगतो. पण ती येथे संपत नाही. वेद बोलणारा तो मनुष्य आता घरी परत जाईना. बायकोमुले रडत आली, त्याने त्यांना दूर लोटले. तेव्हा एका लोभी ब्राह्मणाकडून त्याच्यावर पाणी ओतविले, अंगावरचे भस्म धुतले गेले, त्याबरोबर त्याची आठवणही गेली आणि तो पुन्हा आपल्या वस्तीकडे चालू लागला.

ही कथा मी जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा तिने मला अस्वस्थ केले आहे. एक तर ती मान्य करते की ज्ञान कोणत्याही देहात वसू शकते. त्या काळी हे लहान विधान नव्हते. दुसरीकडे ती त्याला त्या ज्ञानासकट जगू देत नाही. गावाची रचना शाबूत ठेवण्यासाठी आठवण धुऊन टाकावी लागते, हे ग्रंथकाराने, कदाचित त्याच्याही नकळत, सांगून टाकले आहे. ज्या कल्याणमध्ये बाराव्या शतकात बसवण्णा आणि शरण यांनी हीच रेष पुसण्याचा प्रयत्न केला, ते येथून फार दूर नाही. तो प्रयत्न रक्तपातात बुडाला, हे या टापूतील प्रत्येक पिढीला ठाऊक होते. गुरुचरित्राचा गाव त्या पराभवानंतरचा गाव आहे. म्हणून गाणगापूरचा इतिहास लिहावयाचा तर वेशीबाहेरच्या वस्तीतील त्या निनावी माणसापासून सुरुवात करावी लागेल. त्याची धुतली गेलेली आठवण परत मिळविणे हेच इतिहासकाराचे काम आहे.

सुलतानाच्या कथेचे स्वरूप वेगळे आहे. त्याच्या मांडीला फोड झाला, हकिमांचे उपाय थकले, तेव्हा तो गाणगापुरी आला आणि बरा झाला. अभ्यासकांनी हा सुलतान म्हणजे अलाउद्दीन अहमदशहा दुसरा (१४३६ ते १४५८) असा तर्क केला आहे. याच सुलतानाने बिदरमध्ये दवाखाना बांधून तेथे हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले, असे फरिश्त्याच्या इतिहासात सांगितले आहे. दोन्ही हकिगती शेजारी ठेवल्या की त्या काळाचे चित्र पुरे होते. राजधानीत दवाखाना होता. खेड्यात पादुका होत्या. राजाला दोन्हीकडे जाता येई. खेडुताला एकाच ठिकाणी.

ही विभागणी संपली असे आजही म्हणता येत नाही. मठात आरतीच्या वेळी बाधा झालेली म्हणून आणलेली माणसे घुमतात, खांबांना धरून वर चढतात, किंचाळतात. बाहेरून आलेला सुशिक्षित मनुष्य हे पाहून एक तर हात जोडतो किंवा नाक मुरडतो. दोन्ही प्रतिक्रियांत त्या माणसाविषयीची चौकशी नसते. कर्नाटकात अमानुष प्रथांविरुद्धचा २०१७ चा कायदा २०२० पासून अमलात आला आहे, आणि देशाचा मानसिक आरोग्याचा कायदाही २०१७ चाच आहे. कायदे हवेतच. पण ज्या कुटुंबाला गावापासून जिल्ह्यापर्यंत मनाचा डॉक्टर भेटत नाही, ते कुटुंब आपल्या मुलीला घेऊन जेथे निदान कोणी हाकलणार नाही अशा ठिकाणी येते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

४

हाकलणार नाही, हा शब्द मी सहज वापरला नाही. गाणगापूरच्या जीवनक्रमाचा तो पायाच आहे. स्वामी आजही मध्यान्हकाळी कोणत्या तरी रूपाने गावात भिक्षेस येतात, अशी येथील श्रद्धा आहे. म्हणून सेवेकरी पहाटे संगमावर स्नान करतो, औदुंबराला प्रदक्षिणा घालतो आणि दुपारी झोळी घेऊन निदान पाच घरी माधुकरी मागतो. तशीच ज्याच्या घरी चूल पेटते तोही दारी आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवीत नाही. न जाणो, तोच असेल. म्हणजे एकाच गावात श्रीमंत यात्रेकरूने भिक्षा मागावी आणि गरीब घराने ती घालावी, असा उलटा व्यवहार शतकानुशतके चालत आला. व्यवहाराची ही उलटापालट दिवसातून घटकाभरच असते, आणि भाकरी वाटण्याचे हे काम आता पुष्कळदा पैशांतही मोजले जाते, हे खरे. तरी दुष्काळी मुलखाने भुकेवर शोधलेला हा एक उपाय होता.

हा उपाय एका पंथाचाही नव्हे. कलबुर्गीस शरणबसवेश्वरांच्या देवळात दासोह चालतो, बंदेनवाजांच्या दर्ग्यात लंगर शिजतो आणि गाणगापुरात माधुकरी फिरते. देवता वेगळ्या, मंत्र वेगळे, भाषा वेगळ्या. पण पानात पडते ती ज्वारीची भाकरी किंवा भात एकाच मातीतून आलेला. या जिल्ह्याचा धार्मिक इतिहास लिहिणाऱ्याने तत्त्वज्ञानाबरोबर स्वयंपाकघरांतही डोकावून पाहावे, असे मला वाटते.

५

आता भाषेचा प्रश्न. आपण सीमेवरची माणसे. हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

गाणगापुरात कन्नड बोलली जाते. यात्रेकरूंशी मराठी बोलली जाते. आणि गावाचा ग्रंथ मराठी आहे. तो ज्याने लिहिला त्याची मायबोली कन्नड होती. आपल्याला महाराष्ट्र भाषा येत नाही, असे त्याने ग्रंथारंभीच नम्रपणे सांगून ठेवले आहे. इतकेच नव्हे तर सायंदेवाच्या तोंडी गुरुस्तुतीची जी पदे त्याने घातली आहेत त्यांत कन्नड पदेही आहेत. पुण्यात किंवा नागपुरात सप्ताहाला बसलेला वाचक त्या अध्यायाशी आला म्हणजे देवनागरीत छापलेले कन्नड अक्षर न अक्षर, अर्थ न कळता, पण एकही गाळू नये अशा भीतीने म्हणून जातो. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कन्नड जपली गेली ती अशी. याला मी केवळ गंमत मानीत नाही.

कन्नडभाषी कवीने मराठीत का लिहावे? उत्तर या संप्रदायाच्या भूगोलात आहे. श्रीपादश्रीवल्लभांचा जन्म पीठापूरचा, म्हणजे तेलुगू मुलखाचा. त्यांचे स्थान कृष्णेतील कुरवपूर. नृसिंह सरस्वतींचे कारंजा, औदुंबर आणि वाडी. शेवटी गाणगापूर आणि श्रीशैल. तीन भाषांच्या मुलखांतून वाहणारा हा प्रवाह होता. त्या प्रवाहातील वाचक ज्या भाषेत अधिक मिळतील त्या भाषेत कवीने लिहिले. भाषा ही सरहद्द आहे, ही कल्पना त्याच्या मनाला शिवलेली नव्हती.

ती आपल्या काळात आली. त्याआधी या गावाने आणखी एक भाषा पाहिली. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर उर्दूत गेले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळू लागले. तेव्हा दारात कन्नड, देवघरात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा तिपेडी व्यवहार येथील शिकलेल्या माणसाला सांभाळावा लागे. यापूर्वीच, १८७१ साली, मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरपाशी जोडला गेला होता आणि त्या मार्गावर गाणगापूर रोड हे स्थानक झाले. स्थानकापासून गाव वीसेक किलोमीटर दूर. तरीही पूर्वी सोलापुराहून पायी किंवा गाडीने येणारा यात्रेकरू आता एका दिवसात येऊ लागला, आणि गाव मराठी मुलखाला पूर्वीपेक्षा जवळ आले.

मग १९४८ उजाडले. रझाकारांच्या दहशतीत या सरहद्दीवरील पुष्कळ कुटुंबे सोलापूर जिल्ह्यात आश्रयास गेली. मुक्तिसंग्रामाचे कॅम्पही त्याच हद्दीवर होते. भीमेच्या या खोऱ्यात तेव्हा सरहद्द म्हणजे जीव वाचविण्याची रेष होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानचा शेवट झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कलबुर्गीने लोकसभेवर स्वामी रामानंद तीर्थ यांना पाठविले. ज्यांची कर्मभूमी मराठवाडा होती त्यांना कन्नडबहुल मतदारसंघाने निवडून द्यावे, हे आजच्या तरुणाला नवल वाटेल; तेव्हा कोणाला वाटले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, कलबुर्गी आणि रायचूर म्हैसूर राज्यात. बिदर जिल्ह्याचे तर तुकडे झाले: बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. पुढे महाजन आयोग आला, त्याचा १९६७ चा अहवाल आला, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या वादाचे गुणदोष सांगण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की सुलतानीत, निजामीत आणि लोकशाहीत जिल्ह्याचे मालक बदलले, नावे बदलली, गुलबर्ग्याचे २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले, हैदराबाद-कर्नाटकाचे २०१९ साली कल्याण-कर्नाटक झाले. पण दुपारची झोळी फिरायची थांबली नाही.

६

तरी गाव पूर्वीचे राहिले आहे, असे समजू नये. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तेव्हापासून नदीचे पाणी निसर्गाइतकेच दोन राज्यांच्या निर्णयावरही येऊ लागले. २०२० च्या ऑक्टोबरात पूर आला आणि अफजलपूर तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की हाच तालुका उजनीतून पाणी सोडण्याची मागणी करतो. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि आजवर कधीही घराबाहेर न पडलेल्या स्त्रिया क्षेत्रांच्या गावी दिसू लागल्या. ज्या ग्रंथाचे वाचन स्त्रियांनी करू नये असा दंडक पुष्कळ घरांत पाळला जाई, त्या ग्रंथाच्या गावी आज स्त्रिया स्वतःच्या तिकिटावर येतात, याची नोंद पुढच्या इतिहासकाराला करावीच लागेल.

कडगंचीचेही तसेच. जेथे सायंदेवाच्या कुळाने ही स्मृती जपली, त्या गावाच्या शिवारात आळंद रस्त्यावर २००९ साली स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे. जेथून एक ग्रंथ निघाला तेथे आता ग्रंथालय आहे. या योगायोगाचा उपयोग आपण करणार की नाही, हा प्रश्न आहे.

कारण गावाचे चरित्र लिहिले गेले नाही तर काय होते, याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत; आणि ते लिहिले गेल्याने काय वाचते याचीही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे ग्रेट ब्लास्केट नावाचे एक लहान बेट होते. तेथील मच्छीमार शेतकरी टोमास ओ क्रिहिन याने आयरिश भाषेत आपल्या गावाची आणि आयुष्याची हकिगत लिहिली. ती १९२९ साली प्रसिद्ध झाली. १९५३ साली ते गाव सरकारने रिकामे केले. घरे आज पडीक आहेत, पण बेट कसे बोलत होते, कसे हसत होते आणि उपाशी दिवस कसे काढीत होते, हे त्या पुस्तकात शिल्लक आहे. तेथे पुस्तक उरले आणि गाव गेले. आपल्याकडे गाव आहे आणि पुस्तकही आहे; पण त्या पुस्तकाला गावाची भाषा आणि त्या गावाला पुस्तकाची भाषा हळूहळू परकी होत चालली आहे. गावातील मुले कन्नड आणि इंग्रजी शिकतात, ते योग्यच आहे. पोथी वाचणाऱ्या मराठी माणसाला गावाची कन्नड येत नाही, आणि ती यावी असे त्याला वाटतही नाही. ही दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

७

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे बोलत असल्यामुळे शेवटी एक काम सुचवून थांबतो. सोळाव्या शतकातील एका कवीने कुळातील तोंडी आठवणी गोळा केल्या म्हणून आपल्याला म्हशीचे भाडे कळले आणि ज्वारीचा करार कळला. आपल्या भागातील प्रत्येक गावी आज असे वृद्ध आहेत ज्यांनी निजामाची पटवारगिरी पाहिली किंवा ती पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकली. ज्यांना १९४८ मध्ये रात्रीच्या रात्री गाव सोडल्याच्या हकिगती ठाऊक आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आहेत. त्यांतील काही कन्नड बोलतात, काही मराठी, काही उर्दू-दख्खनी, काही लमाणी. या आठवणी ज्या भाषेत सांगितल्या जातील त्याच भाषेत लिहून घ्याव्यात, आणि मग त्यांचे एकमेकींत भाषांतर करावे. यासाठी मोठे अनुदान लागत नाही. एक वही, सुटीचे दिवस आणि ऐकण्याची तयारी लागते.

आणि हे करताना वेशीच्या आतल्या घरांपाशीच थांबू नये. सात रेषा ओलांडून जो वेद बोलला आणि ज्याची आठवण पाण्याने धुतली गेली, त्याचे वंशज आजही आपल्या गावांत राहतात, आपल्याच शाळेत शिकतात. आज त्यांच्या हाती स्वतःची वही आहे. गावाचे पुढचे चरित्र त्यांनी लिहावे, आपण ते वाचावे, आणि या वेळी कोणीही त्यावर पाणी ओतू नये.